लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्यावा की तालुक्याच्या दुकानातून?

लॅपटॉप हवा असेल तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून मागवा. डेस्कटॉप, प्रिंटर, यूपीएस हवं असेल तर तालुक्याच्या दुकानातून घ्या. आणि दोन्हीकडे पक्कं बिल सोडू नका. विदर्भातल्या आर्णी, दारव्हा, पांढरकवडा, दर्यापूर, धारणी, अहेरी अशा भागात राहणाऱ्यांसाठी हा सल्ला आहे. नागपूर-अमरावतीकरांना सर्व्हिस सेंटर ऑटोच्या अंतरावर असतं, त्यांचा हिशेब वेगळा. आपल्याकडे किमतीतला हजार-दीड हजाराचा फरक फार महत्त्वाचा नाही. मशीन बसलं तर त्याचा स्क्रू कोण उघडणार, कुठे आणि किती दिवसांत, यावर सौदा स्वस्त की महाग ते ठरतं.

कंपनीकडून थेट विक्री ही काही ऑनलाइनच्या जमान्यातली नवलाई नाही. मायकेल डेलने १९८४ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला, कॉलेजात शिकत असताना, याच पायावर धंदा उभा केला: आधी ऑर्डर आणि पैसे घ्यायचे, मग मशीन जुळवायचं. दुकानात माल पडून राहत नाही, त्यामुळे प्रोसेसरचा भाव उतरला तरी पडून असलेल्या मालाचा तोटा नाही. पण घरगुती गिऱ्हाइकाला लॅपटॉप हाताळून बघायचा असतो. २००६ मध्ये दुकानांतून विकणारी एचपी विक्रीत डेलच्या पुढे निघून गेली आणि २००७ मध्ये डेलनेही अमेरिकेत वॉलमार्टमधून विक्री सुरू केली. ॲपल उलट्या बाजूने आली: २००१ पासून स्वतःची दुकानं, भारतात ऑनलाइन स्टोअर २०२० मध्ये आणि मुंबईतलं पहिलं दुकान एप्रिल २०२३ मध्ये. आज सगळ्याच मोठ्या कंपन्या दोन्ही वाटांनी विकतात.

दुकानाच्या वाटेने लॅपटॉप आपल्यापर्यंत येतो तो असा: कंपनी, देशपातळीवरचा वितरक, नागपूर किंवा अकोल्याचा होलसेलर, मग तालुक्याचं दुकान. प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं सुटतं, आणि शेवटच्या माणसाला लॅपटॉपमागे फारच कमी उरतं. म्हणून तो बॅग, अँटिव्हायरस, माउस, वाढीव रॅम आणि ‘इन्स्टॉलेशन चार्ज’ यांवर काढतो. यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही, पण आपले पैसे कुठे जातात ते ठाऊक असलेलं बरं. दुसरं असं, की छोटं दुकान दहा मॉडेल भरून ठेवू शकत नाही. तुम्ही विचाराल ते मॉडेल ‘उद्या येते’ असतं, आणि आज दाखवतात ते होलसेलरकडे साचलेलं असतं.

साइटवरून घेताना आधी एक पाहा: ती कंपनीची स्वतःची साइट आहे, की जिथे हजार विक्रेते माल लावतात असा ऑनलाइन बाजार? ऑनलाइन बाजारात ब्रँड कोणताही असो, बिल तिसऱ्याच्या नावाने निघतं, आणि तो विक्रेता कंपनीचा अधिकृत विक्रेता असेलच असं नाही. कंपनीच्या साइटवरही ‘सोल्ड बाय’समोर कुणाचं नाव आहे ते वाचून ठेवा, उद्या तक्रार त्याच नावावर करावी लागते.

भाव जुळवताना नुसतं ‘फलाण्या कंपनीचा आय-फाइव्ह’ म्हणून जुळवू नका. मॉडेल नंबराची शेवटची चार-पाच अक्षरं बदलली की आतलं बरंच काही बदलतं. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांत एकाचा स्क्रीन ४५ टक्के एनटीएससीचा, फिकट रंगांचा, तर दुसऱ्याचा १०० टक्के एसआरजीबीचा, खऱ्या रंगांचा असतो (ही दोन्ही रंग मोजायची मापं). एकात ८ जीबी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे काढता न येणारी, आणि वाढीव रॅमसाठी रिकामा स्लॉट (खाच) नाही, दुसऱ्यात दोन स्लॉट. एकाच्या कीबोर्डला बॅकलाइट, दुसऱ्याला नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यापासून ‘आत्ता ८ घ्या, पुढे वाढवू’ हा जुना सल्ला परवडत नाही. इंजिनिअरिंगच्या पोरासाठी घेत असाल तर सुरुवातीलाच १६ जीबी घ्या. साइटवर पूर्ण नंबर आणि स्पेसिफिकेशन छापलेलं मिळतं, दुकानात ते खोक्याच्या स्टिकरवरून वाचावं लागतं. खोकं समोर मागा. ‘खोकं गोडाऊनमध्ये आहे’ असं उत्तर आलं तर सौदा तिथेच थांबवा.

बिलाचं बोलणं तालुक्यात हमखास निघतं. ‘पक्कं बिल पाह्यजे असंन त अठरा टक्के जास्त लागतीन भाऊ.’ लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्केच आहे, पण गिऱ्हाइकाला सांगितलेल्या भावात तो धरलेला असतो. ४०,००० च्या लॅपटॉपात मूळ किंमत ३३,८९८ आणि कर ६,१०२ रुपये. चाळीस हजारांवर आणखी अठरा टक्के मागणं म्हणजे त्याच कराचे पैसे दोनदा मागणं. कच्च्या पावतीवर घेतलं तर वॉरंटीची तारीख दुरुस्त करून मिळत नाही, ग्राहक आयोगात पुरावा कमकुवत पडतो, आणि तुमचं सेवा केंद्र किंवा कृषी केंद्र जीएसटीत नोंदलेलं असेल तर त्या ६,१०२ रुपयांचं क्रेडिटही, म्हणजे तो कर तुमच्या करातून वजा करायची सोयही जाते. बिलावर तुमचं नाव, पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर हवा. साइटवरून घेताना पैसे भरण्यापूर्वीच जीएसटी नंबर टाकायचा असतो. बिल निघाल्यावर तो घालून घेणं कटकटीचं.

सर्व्हिसची गोष्ट

थेट खरेदीच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा ऑनसाइट वॉरंटीचा. दोन तऱ्हा असतात. कॅरी-इन म्हणजे मशीन तुम्ही सेंटरवर न्यायचं; ऑनसाइट म्हणजे इंजिनिअर घरी येतो. बहुतेक कंपन्यांची अधिकृत सेंटरं नागपूर, अमरावती, अकोला अशा शहरांत आहेत. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, गडचिरोलीहून पावणेदोनशेच्या घरात. मशीन द्यायला एक फेरी, आणायला दुसरी, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर कॅरी-इनचा लॅपटॉप पहिल्याच बिघाडात महाग पडतो. कंपनीच्या साइटवर खरेदीच्या वेळीच वॉरंटी ऑनसाइट करून घेण्याचा, दोन-तीन वर्षांपर्यंत वाढवण्याचा आणि पडणं-सांडणं धरणारं ‘ॲक्सिडेंटल डॅमेज’ जोडण्याचा पर्याय एकाच पानावर असतो. दुकानात हाच पर्याय सहसा कुणी सांगत नाही. सांगतात ती ‘दुकानाची वॉरंटी’, आणि ती दुकान चालू असेपर्यंत आणि मालकाचा मूड असेपर्यंत.

मात्र ऑनसाइट लिहिलं म्हणजे इंजिनिअर भामरागडला दुसऱ्या दिवशी हजर, असं समजू नका. पैसे भरण्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरला आपला पिनकोड सांगा. विदर्भातले पिन ४४० ते ४४५ पासून सुरू होतात, पण एकाच जिल्ह्यात एक पिन ऑनसाइटमध्ये आणि शेजारचा बाहेर असू शकतो. उत्तर ईमेलवर किंवा चॅटवर लेखी घ्या. तुमचा पिन बसत नसेल तर साइटवरून घेण्यातला अर्धा फायदा तिथेच संपला. मग जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या ब्रँडचं सेंटर आहे तोच ब्रँड घ्या, कुठूनही.

इंजिनिअर पाठवण्याआधी कंपनी फोनवर तपासणी करायला लावते. ही पायरी नीट केली की एक फेरी वाचते, नाहीतर तो चुकीचा पार्ट घेऊन येतो आणि पुढचा आठवडा जातो. डेलच्या मशीनला सुरू होताना एफ-१२ दाबून ‘डायग्नोस्टिक्स’ निवडा, एचपीला एफ-२ दाबा. तपासणी नापास झाली की डेल एरर कोड देतो, एचपी लांबलचक फेल्युअर आयडी. स्क्रीनचा फोटो काढा, कोड फोनवर वाचून दाखवा, केस नंबर लिहून घ्या. बॅटरी फुगली असेल तर मशीन बंद करा, चार्जर लावू नका आणि टचपॅड वर आलाय तो दाबून बसवू नका.

पार्सल आणि पहिला अर्धा तास

मोठ्या कुरिअर कंपन्या तालुक्यापर्यंत येतात, खेड्यात बऱ्याचदा येत नाहीत. डिलिव्हरी बॉय फोन करून ‘चौकात या’ म्हणतो. चौकात ओटीपी देण्याआधी खोकं सगळ्या बाजूंनी पाहा: टेप दुहेरी लावलेली, कोपरा चेपलेला किंवा ओल धरलेली असेल तर ‘ओपन बॉक्स’ मागा, म्हणजे त्याच्यासमोरच खोकं उघडून पाहणं, नाही म्हणाला तर घेऊ नका. घेतलंच तर खोकं न फोडता घरी न्या आणि फोडताना पहिल्या टेपपासून लॅपटॉप सुरू होईपर्यंत न थांबवता व्हिडिओ काढा. थेट विक्रीत परतीची अट कडक असते. पुष्कळ ठिकाणी पैसे परत नाहीत, फक्त बदलून मिळतं, तेही कंपनीच्या माणसाने ‘मुळातच खराब’ असा शेरा दिल्यावर. ही मुदत थोड्या दिवसांचीच असते, तेव्हा लग्नाच्या गडबडीत खोकं न उघडता ठेवलं, हे कारण चालत नाही.

मशीन दुकानातलं असो की पार्सलचं, तपासणी तीच. सिरियल नंबर चार ठिकाणी जुळला पाहिजे: खोक्यावर, लॅपटॉपच्या पोटावर, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं सेटिंग) आणि बिलावर. मग तो कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. होलसेलरकडे पडून असलेल्या मालाची वॉरंटी कधीकधी आधीच सुरू झालेली दिसते. बिल पाठवलं की कंपनी ती बिलाच्या तारखेपासून धरते, म्हणून हे पहिल्याच आठवड्यात करा. विंडोजमधल्या टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर रॅम किती, किती स्लॉटांत, ते दिसतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्रॅम एसएसडी (आतली डिस्क) एकूण किती तास चालली ते सांगतो: नव्या मशीनमध्ये हा आकडा मोजक्या तासांचा असतो, शेकड्यात दिसला तर डिस्क बदललेली आहे किंवा मशीन वापरलेलं आहे.

दुकानात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते खात्यात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. विंडोज ११ होम सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. गिऱ्हाइकाला पासवर्ड आठवत नसतो, दुकानातल्या पोराला घाई असते, मग तो स्वतःचंच खातं टाकून मशीन चालू करून देतो. यात दोन गोष्टी अडकतात. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस ज्या खात्यात पहिल्यांदा घेतलं त्याच खात्याला चिकटतं. आणि डिस्क आपोआप लॉक होऊन तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच खात्यात जमा होते. वर्षभराने मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झालं की निळा स्क्रीन ती की मागतो. तोवर तो दुकानातला पोरगा पुण्याला गेलेला असतो आणि सातबारा, फोटो, प्रोजेक्ट सगळं आत बंद. म्हणून दुकानात जाण्याआधी स्वतःचं खातं फोनवर तयार करून ठेवा आणि पासवर्ड स्वतः टाइप करा. आधीच दुसऱ्याच्या खात्यावर चालू असेल तर आपलं खातं ॲडमिन म्हणून जोडा, त्यात शिरून सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खालचं डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हेच डिस्कचं लॉक, बंद करा, डिस्क पूर्ण उघडेपर्यंत थांबा आणि पुन्हा चालू करा. नवी की आपल्या खात्यात आली का ते तपासा, छापून बिलाच्या मागे लावा.

विंडोजशिवायचा लॅपटॉप दोन-चार हजारांनी स्वस्त दाखवून त्यावर ‘क्रॅक’, म्हणजे चोरीचं विंडोज, टाकून देणं हाही तालुक्यातला रिवाज आहे. त्या क्रॅकसाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. ज्या मशीनवर लोकांचे आधार, अंगठे आणि बँकेचे व्यवहार चालतात त्या सेवा केंद्रावर तर हे चालवूच नये.

डेस्कटॉपसाठी मात्र दुकानच

डेस्कटॉप कंपनीकडून थेट मागवणं खेड्यात परवडत नाही. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) गेला, रॅमचा कॉन्टॅक्ट सुटला, पंखा धुळीने गच्च झाला, हे बिघाड दुकानदार अर्ध्या तासात काढतो आणि मशीन दुपारी परत टेबलावर येतं. वणी-घुग्गुसकडे कोळशाची धूळ, हिंगणघाटकडे जिनिंगचा कापूस, आणि उन्हाळ्यात कूलरची ओल: दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा ब्लोअर मारून घ्यावाच लागतो. अशा दुकानात शिरलात की काउंटरपेक्षा मागचं टेबल पाहा. मल्टिमीटर, ब्लोअर, दोन-चार जुने पण चालू एसएमपीएस दिसले तर दुकान कामाचं. नुसतेच मोबाईलचे कव्हर आणि झेरॉक्स दिसलं तर पुढे चला.

पण ‘असेंबल’, म्हणजे सुटे भाग जुळवून दुकानात केलेला डेस्कटॉप, घेताना डोळे उघडे ठेवा. ‘आय-फाइव्ह, ८ जीबी, एसएसडी, मॉनिटरसकट’ असा फारच स्वस्त भाव असेल तर आत बहुधा एच-६१ नावाचा जुना मदरबोर्ड आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर असतो, म्हणजे २०११-१२ चा माल. ओळखायची खूण सोपी: टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचं पूर्ण नाव वाचा. आय-फाइव्ह २४०० किंवा ३४७० म्हणजे दुसरी-तिसरी पिढी, ८४०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या रंगाच्या कॅबिनेटमुळे आतला प्रोसेसर तरुण होत नाही. रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकलेल्या जुन्या लॅपटॉपलाही हीच चाळणी लावा: सातव्या पिढीपर्यंतचा फुकट मिळाला तरच घ्या.

दुसरी फसगत एसएमपीएसमध्ये. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट, पण बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ वॉट, आणि आजचं मशीन जवळपास सगळं ओझं या १२ व्होल्टवरच टाकतं. साध्या ऑफिस मशीनला ते पुरतं, ग्राफिक कार्ड लावलं की कमी पडतं. हातात घेऊन वजन करा, हलका लागला तर नको.

यूपीएस ६०० व्हीएचं साधारण ३६० वॉट देतं. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. डेस्कटॉप आणि मॉनिटर दहा-पंधरा मिनिटं धरते, काम सेव्ह करून बंद करायला तेवढं पुरे. गावठाणाचं आणि शेतीपंपांचं फीडर वेगळं नसेल तिथे मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळतं, म्हणून इनपुट १४०-१४५ व्होल्टपासून सुरू होणारं यूपीएस घ्या. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका, त्याचा फ्यूजर तापताना एकदम जास्त करंट ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतं. इंक टँक प्रिंटर चालतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते, आपल्या उन्हाळ्यात जरा लवकरच. ती बदलून देणारा माणूस तालुक्यातच हवा.

अर्थिंगचं काम दुकानदाराकडून घरी बोलावून करून घ्या, आणि हे काम कोणतीही कंपनी करून देत नाही. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल सुमारे २३० व्होल्ट, फेज-अर्थही तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टच्या आत यायला हवं. फेज-अर्थ कमी दाखवत असेल किंवा लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नावालाच आहे. वीज-दाबाने जळलेला बोर्ड, आत शिरलेल्या मुंग्या, पाल, कूलरचं पाणी, हे साध्या वॉरंटीत बसत नाही, मग माल कुठूनही घेतलेला असो. बहुतेक लॅपटॉपांच्या कागदांवर वापराचं कमाल तापमान ३५ अंश लिहिलेलं असतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत तो आकडा सकाळीच ओलांडला जातो. दुपारचं जड काम टाळा, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणारी सोय चालू करा आणि कूलरचा झोत थेट मशीनवर घेऊ नका.

पैशाच्या बाबतीत दुकानाची एक सोय साइटकडे नाही. साइटच्या दसरा-दिवाळीच्या ऑफर मोठ्या बँकांच्या कार्डांवर असतात, आणि कापसाचे पैसे हातात येईपर्यंत त्या संपलेल्या असतात. सोयाबीनवाल्याला कसंबसं जमतं. ओळखीचा दुकानदार ‘कापूस विकला का द्या’ म्हणून अर्धे पैसे थांबवतो. फायनान्सवर घेणार असाल तर ‘झिरो कॉस्ट’चा अर्थ तपासा: प्रोसेसिंग फी वेगळी, आणि बऱ्याचदा रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट ईएमआयवाल्याला मिळत नाही. दोन्ही भाव कागदावर लिहून मागा, मग हप्ते गुणून बघा.

वाद झालाच तर दुकानाशी भांडणं सोपं वाटतं, कारण माणूस समोर असतो. कंपनीशीही ते अवघड नाही. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यावं, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. त्यानंतर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन नंबर. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी यवतमाळ किंवा गडचिरोलीलाच. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल, खोकं फोडतानाचा व्हिडिओ, केस नंबर आणि पिनकोडबद्दलचं कंपनीचं लेखी उत्तर, एवढे कागद जोडावे लागतात.